साहेब उतरल्यावर घेतलेलं माप

निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. गुडघे तर माझ्याही आधी निवृत्त झाले. तरी अजून कुणा ना कुणाचा फोन येतोच. भाचा, भाच्याचा साडू, साडूचा साहेब. "काका, गाडी एका अंगाला ओढतीय. अलाइनमेंट कुठं करून घेऊ? सोलापूरला का धाराशिवला?" मी सांगतो, कुठंही करा. मशिनं आता सगळीकडं सारखीच आहेत. फक्त मशीनवर गाडी चढवाल तेव्हा रोज जशी माणसं बसतात तशी ती बसवून माप घ्या म्हणावं. पलीकडून "बरं बरं" म्हणून फोन बंद होतो. म्हातारं चळलं, असं त्यांना वाटत असणार. वाटू दे. हे मी ज्या गाडीवर शिकलो तिची गोष्ट फोनवर सांगण्यासारखी नाही. म्हणून इथं लिहून टाकतो.

माझं नाव मल्लिनाथ, पण नळदुर्गच्या हायवेवर मला मल्लूमिस्त्री म्हणूनच ओळखत. वडील बैलगाडीच्या चाकांना लोखंडी धाव बसवायचे. मी मोटारीच्या चाकांकडं वळलो, तेव्हा ते म्हणाले होते, "आपलं चाक वाकडं असलं तरी बैल सरळ चालतंय. तुझ्या मोटारीला बैल कुठून आणशील?" थट्टेत बोलले, पण अख्खा धंदा त्यात आला. मोटारीच्या पुढच्या दोन चाकांनाच बैलाचं काम करावं लागतं. ती अगदी समांतर बसवत नाहीत. पुढच्या बाजूनं एकमेकांकडं किंचित, अगदी किंचित झुकलेली ठेवतात, म्हणजे पळताना ती सरळ होतात. हे गणित बिघडलं की टायर नुसतं फिरत नाही, फिरता फिरता रस्त्यावर खोडरबरासारखं घासतं आणि एका कडेनं झिजून जातं. आमच्याकडं तर रस्तेच असे, की आज केलेली अलाइनमेंट पुढच्या महिन्यात पुन्हा करावी.

माझ्याकडं मशीन नव्हतं. जॅकवर चाक उचलायचं, फिरवत फिरवत त्याला खडू लावायचा, खिळा धरून खडूवर गोल रेघ ओढायची. गाडी खाली घेऊन ढकलून पुढं-मागं करायची, म्हणजे ती आपल्या वजनावर बसते. मग दोन्ही चाकांच्या रेघांमधलं अंतर पुढून मोजायचं, मागून मोजायचं. शेवटी मागच्या चाकापासून पुढच्यापर्यंत दोरी ताणून बघायची. या दोरीमुळं मला काही लोक दोरीवाला मिस्त्री म्हणत. सोलापूरला तेव्हा मशीन आलं होतं, आणि गाडीवाल्यांत दोन तट पडले होते. शिकलेली मंडळी सोलापूरला जात. ट्रकवाले, ढोकीकडचे ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या ओढणारे, जीपवाले माझ्याकडं येत. मला त्याचं वाईट वाटत नसे. मशीन मी बघून आलो होतो. चांगलं होतं, खोटं बोलत नव्हतं.

गिऱ्हाइकांत एकेक नमुने असायचे. कळंबचा एक आडत्या होता. त्याच्या फियाटच्या डिकीत नेहमी तुरीची पोती. गाडी पार मागं टेकलेली. मी म्हणायचो, "शेठ, पोती उतरवा, मग माप घेतो." तो मान हलवायचा. "मिस्त्री, ही गाडी रिकामी कवा असती का? जशी पळती तशी बघा की." मला हसू यायचं. गाडीचं माप रिकामीच घ्यायचं असतं, हे सगळ्या जगाला माहीत होतं. मी पोती उतरवून शेडमध्ये रचायला लावायचो, आणि तो त्याच पोत्यांवर बसून माझ्याकडं कीव केल्यासारखा बघत राहायचा.

आमच्या शेडपुढं एक लिंबाचं झाड होतं आणि झाडाखाली एक हातांची खुर्ची. ती फक्त मोठ्या माणसांसाठी. कुणी साहेब, मालक, पुढारी आला की गाडी थांबायच्या आत मी फडका मारून खुर्ची पुसायचो. साहेबांनी उतरायचं, खुर्चीत बसायचं, समोरच्या हॉटेलातून चहा यायचा. साहेब गाडीत बसलेले आणि मिस्त्री खाली आडवा पडून त्यांच्या बुडाखाली खटखट करतोय, असं चित्र कुणाला सहनच झालं नसतं. मला नाही, साहेबांना नाही, त्यांच्या ड्रायव्हरला तर अजिबातच नाही. आमच्या भागातली ही रीत आहे. माणसाला मान द्यायचा तर आधी त्याला खाली उतरवून घ्यायचं.

आता लिंबाजीरावांकडं येतो.

बहात्तरच्या दुष्काळाच्या आधीपासून लिंबाजीराव एका सहकारी संस्थेच्या चेअरमनची ॲम्बॅसेडर चालवत. संस्थेचं नाव लिहीत नाही. ती आता उरलेली नाही, गेट तेवढं उभं आहे. लिंबाजीराव माझ्याहून वयानं मोठे, बोलायला कमी, अंगात नेहमी धुतलेला पांढरा सदरा. छप्पनच्या दीक्षेनंतर त्यांच्या वडिलांनी पोरांना शाळेत घातलं होतं. त्यांच्या वस्तीत महिन्याच्या महिन्याला पगार घरी आणणारा हा पहिला माणूस. ते मला एकदा म्हणाले होते, "मिस्त्री, आमच्या आळीत एखाद्याला नोकरी लागली का लोक माझ्या घरी पेढा आणून देत्यात. जणू म्याच लावली." हसत सांगितलं होतं, पण ती गाडी म्हणजे त्यांना काय होती हे मला त्या दिवशी कळलं.

चेअरमनना सगळे आबासाहेब म्हणत. अंगानं भरपूर. पण माणूस वाईट नव्हता. दुष्काळात त्यांनी जनावरांच्या छावणीसाठी चारा कुठून कुठून आणवला. स्वतः उन्हात उभे राहून गाड्या उतरवून घ्यायचे. मागच्या सीटवर त्यांचा जीव रमत नसे. नेहमी पुढं, ड्रायव्हरच्या शेजारी, डाव्या हाताला. खिडकीतून कोपर बाहेर आणि दिसेल त्याला नावानं हाक. ड्रायव्हरला मात्र "लिंब्या". त्यात त्यांना काही वावगं वाटत नसे, आणि लिंबाजीराव काही बोलत नसत.

दुष्काळाच्या त्या साली ॲम्बॅसेडर डावं पुढचं टायर खाऊ लागली. नवं बसवावं आणि बघता बघता आतली कड गुळगुळीत. टायर तेव्हा सहजासहजी मिळत नव्हती. लिंबाजीराव गाडी माझ्याकडं आणायचे. येताना डिकीत पाण्याचा एक डबा असायचा, आमच्यासाठी. कारण त्या उन्हाळ्यात रेडिएटरला पाणी मागायची सुद्धा माणसाला लाज वाटायची. आबासाहेब बरोबर असले तर लिंबाखालच्या खुर्चीत बसत. नसले तर गाडी रिकामीच असे. मी खडू लावायचो, रेघ ओढायचो, मोजायचो. माप बरोबर. बुश बघितले, नट बघितले, बरोबर. गाडी सरळ पळायची. आणि महिना सरायच्या आत तेच टायर, तीच कड.

संस्थेत कुजबुज सुरू झाली. एक संचालक होते, त्यांना प्रत्येक गोष्टीत पाणी मुरताना दिसायचं. ते म्हणाले, हा सोलापूर सोडून नळदुर्गलाच का जातो? तिथं ढाबे, तिथं ट्रकवाले, तिथला मिस्त्री ह्याचा दोस्त. डिकीत डबे कसले नेतो? मग बोलणं वाढत गेलं. साहेब मुंबईला गेले की हा गाडी लग्नाच्या भाड्यावर पळवतो, नाहीतर टायर इतकी झिजतील कशी? गाडीचा मीटर तर कधीचा बंद. त्या काळात मीटर चालू असलेली गाडी दाखवा आणि बक्षीस मिळवा, अशीच परिस्थिती होती. पण त्यामुळं लिंबाजीरावांना काही दाखवता येईना. गाडी किती पळाली हे सांगायला त्यांच्याकडं फक्त स्वतःचं तोंड होतं.

शेवटी ठरलं की गाडी सोलापूरच्या मशीनवर न्यायची. लिंबाजीरावच घेऊन गेले. तिथंही रीत तीच. सोबत आलेल्या संचालकांना पंख्याखाली बसवलं, चहा पाजला आणि रिकामी गाडी मशीनवर चढवली. मशीननं सांगितलं, चाकं बरोबर आहेत. जे माझी दोरी सांगत होती तेच.

मला वाटलं, सुटलो. माझी दोरी खरी ठरली, म्हणून मी त्या दिवशी खुशीत होतो. पण संस्थेत त्याचा अर्थ उलटा निघाला. चाकं बरोबर, मिस्त्री बरोबर, मशीन बरोबर. मग उरलं कोण?

पुढच्या आठवड्यात लिंबाजीराव एसटीनं आले. गाडीशिवाय मी त्यांना कधी बघितलंच नव्हतं. हात कुठं ठेवावेत हे त्यांना कळत नव्हतं. मी खुर्ची पुढं केली तर म्हणाले, "असू द्या." आणि टायरच्या ढिगावर टेकले.

"काय झालं?" मी विचारलं.

"उद्यापासनं येऊ नको म्हणाले."

"आबासाहेब म्हणाले?"

"ते काय म्हणाले न्हाईत. मान खाली घालून बसले होते. दुसरे म्हणाले."

मी म्हणालो, मी येतो तुमच्याबरोबर, मी सांगतो त्यांना. ते हसले. "तुमी माझे दोस्त हाव, तुमचं कोण ऐकतंय." उठताना म्हणाले, "मिस्त्री, तुमच्या मापात काय चुकतंय का तेवढं बघा. मशीनच्या मापात पण बघा. माझ्यात चुकलेलं न्हाय."

एवढं बोलून एसटीच्या थांब्याकडं चालत गेले. मी पुढं कितीतरी दिवस तेच डोक्यात घेऊन फिरलो. शेडमध्ये येईल त्या गाडीचं माप पुन्हा पुन्हा घ्यायचो. गिऱ्हाइकं कंटाळायची. चूक सापडत नव्हती.

नवा ड्रायव्हर आला, संचालकांच्या ओळखीतला, तरुण. त्याला सोलापूरलाच जायचा हुकूम होता. म्हणून गाडी काही दिवस माझ्याकडं फिरकली नाही. नंतर एका दुपारी अचानक ती शेडपुढं उभी राहिली. आबासाहेब छावणीत घसरून पडले होते, पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये. सोलापूरच्या दवाखान्यात निघाले होते. नळदुर्गच्या अलीकडं गाडी ओढायला लागली म्हणून नाइलाजानं थांबले. मी वाकून डावं पुढचं टायर बघितलं. आतली कड गुळगुळीत.

मी नव्या ड्रायव्हरकडं बघितलं. त्यानं मान फिरवली. आबासाहेबांनी आम्हा दोघांकडंही बघितलं. त्यांचा चेहरा उतरला. ह्या पोरावर तर कुणी भाड्याचा आळ घेतलेला नव्हता.

सवयीनं मी खुर्ची पुसली. आबासाहेब म्हणाले, "मल्लिनाथ, आज मला उतरवू नका. पाय लई ठणकतोय. हितंच बसतो, तुमी तुमचं बघा." मला कसंतरीच वाटलं. साहेब वर आणि मी खाली. जॅक लावताना सुद्धा दोनदा माफी मागितली. खडू लावला, रेघ ओढली, गाडी खाली घेतली, ढकलून बसवली. पुढून मोजलं, मागून मोजलं.

माप चुकलं होतं. थोडंथोडकं नाही, डोळ्यांनी दिसावं इतकं. दोरी लावली तर डावं चाक तिरपं, वरून आत कललेलं.

माझा विश्वास बसेना. खिळा चुकला असेल म्हणून पुन्हा रेघ ओढली. तेच. तेव्हा मला एकदम तो कळंबचा आडत्या आठवला, पोत्यांवर बसून माझी कीव करणारा. मी जमिनीवरच बसलो. मग उठून म्हणालो, "साहेब, तुमाला तरास हुईल, पण एकवार खाली यावं लागंल."

समोरच्या हॉटेलातली माणसं आली. आबासाहेबांना उचलून खुर्चीत ठेवलं. गाडी ढकलून पुन्हा बसवली. मोजलं. माप बरोबर. अगदी सोलापूरच्या मशीनसारखं बरोबर.

ॲम्बॅसेडरला पुढं प्रत्येक बाजूला एक लांब पोलादी सळई असते. चाकावर भार आला की ती पीळ खाते आणि भार झेलते. डाव्या बाजूची सळई थकली होती. रिकामी गाडी ती नीट तोलून धरायची, पण आबासाहेब बसले की खाली बसायची आणि चाक तिरपं करायची. रस्त्यावर ते नेहमीच गाडीत, आणि मापाच्या वेळी गाडी नेहमीच रिकामी. माझ्याकडंही, सोलापूरलाही. आम्ही सगळ्यांनी इतकी अदब पाळली, की चूक गाडीतून खाली उतरवून, खुर्चीत बसवून, तिला चहा पाजत होतो.

हे मी त्यांना कसं सांगणार? खाली मान घालून हात पुसत राहिलो. आबासाहेब मूर्ख नव्हते. दोन्ही मापं त्यांच्या डोळ्यांसमोर झाली होती. त्यांनी विचारलं, "म्हंजे म्या बसलो की बिघडतंय?"

हॉटेलवाला दुसरीकडं बघायला लागला.

"बोला की."

"व्हय साहेब," मी म्हणालो.

ते बराच वेळ त्या टायरकडं बघत होते. मग म्हणाले, "लिंबाजी कुठं असतो आता?" लिंब्या नाही, लिंबाजी. मी पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून ते नाव पुरं ऐकलं.

नवी सळई मिळायला थोडे दिवस गेले. ती बसवली, आणि या वेळी आबासाहेबांना गाडीत बसवूनच माप घेतलं. मग आम्ही लिंबाजीरावांच्या गावाकडं निघालो. तसं माझं काही काम नव्हतं, पण आबासाहेब म्हणाले, "तुमी पण चला." एकट्यानं जायला त्यांना जड जात होतं, हे मला कळलं. मी मागं बसलो.

लिंबाजीराव घरी नव्हते. रस्त्याच्या दुष्काळी कामावर खडी फोडत होते. वाटेतच दिसले. कापडाच्या सावलीत बायकोसोबत बसलेले, अंगात तोच सदरा, पण आता पांढरा राहिलेला नव्हता. स्टिअरिंग धरणारे हात हातोडी धरून बसले होते. गाडी थांबली तसे उठून आले. आधी आमच्याकडं नाही बघितलं. डाव्या पुढच्या चाकाशी वाकून टायरवरून तळवा फिरवला, आतल्या कडेपर्यंत. मग म्हणाले, "सापडलं व्हय, मिस्त्री?"

"सापडलं," मी म्हणालो.

आबासाहेब दार उघडून प्लास्टरचा पाय बाहेर काढायला लागले. लिंबाजीरावांनी दार हलकेच धरलं. "तुमी बसा साहेब. उतरू नका."

"लिंबाजी, आमचं चुकलं. नोकरीवर ये."

लिंबाजीरावांची बायको उठून उभी राहिली होती. तिच्या तोंडावर सगळं दिसत होतं. पगार, पोरांची शाळा, आळीतले पेढे. ती नवऱ्याकडं बघत होती. मी मनातल्या मनात म्हणत होतो, हो म्हणा, लिंबाजीराव, हो म्हणा.

त्यांनी दारावरचा हात काढून घेतला. राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. म्हणाले, "साहेब, गाडी चालवताना समोर बघावं लागतंय. तुमी माझ्या बाजूला बसणार. आता माझं ध्यान सारखं तुमच्या तोंडाकडं जाईल, साहेबाच्या मनात काय चाललंय म्हणून. अशानं गाडी चालत न्हाय. कवातरी तुमालाच घिऊन पडंन."

आबासाहेबांनी पुन्हा एकदा म्हणून बघितलं. लिंबाजीरावांनी हात जोडले, आणि मला "जय भीम, मिस्त्री, येत चला" म्हणून आपल्या खडीच्या ढिगाकडं परत गेले. बायको जराशी तिथंच थांबली, मग तीही गेली. पुढं दुष्काळ हटल्यावर त्यांनी दुसऱ्याच्या शेतात ट्रॅक्टर चालवला. पोरं शिकली. पण पगाराची नोकरी त्या घरात त्यांच्या हयातीत परत आली नाही, आणि मी काही "येत चला" पाळू शकलो नाही. दोनदा गेलो. त्यांनी दोन्ही वेळा माझ्यासाठी चहा केला. दोन्ही वेळा मला तो गिळवला नाही.

त्या दिवशी परत येताना सपाट रस्ता लागला. नव्या ड्रायव्हरला वाटलं, साहेबांचं मन जरा रमवावं. त्यानं स्टिअरिंगवरचे हात काढून दाखवले. गाडी रेषेत गेली, इकडं ना तिकडं. माझ्या उभ्या आयुष्यात मी इतकी नीट अलाइनमेंट केली नसेल.

आबासाहेब समोर मीटरच्या काट्याकडं बघत होते. काटा हलत होता. त्यांनी ड्रायव्हरला विचारलं, "मीटर कवा चालू केलास?"

"म्या न्हाय केला, साहेब. म्या आलो तवाच चालू होता. संस्थेतला शिपाई म्हणला, जुन्या ड्रायव्हरनं किल्ली द्यायच्या आधी पदरचे पैसे घालून वायर बसवून घेतली. म्हणला, म्होरं जो येईल त्याच्यावर कुणी संशय घिऊ नये."

आबासाहेबांनी कोपर खिडकीतून आत घेतलं आणि काच वर चढवली. नळदुर्ग येईपर्यंत वाटेत ओळखीची कितीतरी माणसं दिसली, त्यांनी हात केले, पण आबासाहेबांनी कुणालाच हाक मारली नाही.